यादीतला एक पिंगळा

माझ्या यादीतला २५०वा पक्षी मी पाहिलेलाच नव्हता.

म्हणजे पक्षी होता. ८ जानेवारी २०१७, रविवार, सकाळचे साडेआठ वाजले असतील. जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्यात पाल नावाचं गाव आहे. त्याच्या थोडं अलीकडे आमची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. बाकीचे चौघं बॉनेटवर थर्मास ठेवून चहा पीत होते. मी एकटीच जरा पुढे चालत गेले. साग निम्मा झडला होता, पायाखाली ती पापडासारखी पानं कुरकुरत होती. समोरच्या उघड्या फांदीवर एक बुटका, गोल डोक्याचा पक्षी बसलेला दिसला. सूर्य नेमका त्याच्या मागे. मी दुर्बीण लावली, फोकस जुळवला आणि तो उडाला. तीन सेकंद, फार तर चार.

दिसलं काय, तर काळी आकृती, जाड डोकं, आखूड शेपूट. पिंगळा होता हे नक्की. पण पिंगळ्यांत साधा पिंगळा असतो, जंगली पिंगळा असतो, आणि आमच्या सातपुड्यात रानपिंगळाही असतो. काही जण त्याला वनपिंगळा म्हणतात. जगात हा पक्षी फक्त मध्य भारतातल्या थोड्या जंगलांत आहे. त्याच्यासाठी लोक परदेशातून येतात.

गाडीत बसताना मी म्हटलं, "रानपिंगळा होता."

हे का म्हटलं, ते त्या दिवशी मला नीट सांगता आलं नसतं. आज येतं. माझी यादी २४९ वर अडकली होती. दुसरं म्हणजे, त्या गटात मी एकटी बाई. बँकेत नोकरी, चार वर्षांचा अनुभव, साधी दुर्बीण, आणि कॅमेरा तोही सेकंडहँड. मी काहीही ओळखलं की "नक्की का मॅडम?" असा प्रश्न यायचाच. हतनूरच्या जलाशयावर मी एकदा एक तुतवार बरोबर ओळखला होता. तासभर कोणी मानलं नाही. मग एका साहेबांच्या मोठ्या लेन्समधून तोच तुतवार तसाच निघाला आणि तो त्यांच्या नावावर जमा झाला. तर त्या दिवशी "नक्की का?" आलं तेव्हा मी हट्टाने म्हटलं, "नक्की."

घरी येऊन पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरली. रानपिंगळा, संख्या एक. दोन दिवसांनी तिथल्या स्वयंसेवक तपासनिसाचा नम्र प्रश्न आला : फोटो आहे का? नसेल तर काय पाहिलंत त्याचं वर्णन द्याल का? मी पुस्तक उघडलं. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंखांवर आणि शेपटीवर ठळक रुंद पट्टे, चोच आणि पंजे थोराड, शेपूट सारखी हलवतो. यातलं जमेल तेवढं माझ्या शब्दांत लिहून पाठवलं. नोंद मान्य झाली. त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप गटावर अभिनंदनाचे हार, केक, टाळ्या.

ही कबुली आधीच देऊन टाकते, कारण पुढची गोष्ट अशाच एका नोंदीची आहे. ती नोंद करणारा माणूस माझ्यापेक्षा फार मोठा होता.

*

१४ डिसेंबर १८७२. आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर-बसनाच्या मुलुखात एफ. आर. ब्लुइट यांना एक पिंगळा मिळाला. मिळाला म्हणजे त्यांनी तो बंदुकीने पाडला. त्या काळी पक्षीनिरीक्षण असंच होतं. आज आपण क्लिक करतो तिथे तेव्हा छर्रा उडायचा. मग पक्ष्याचं कातडं सोलून, आत कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर जागा, तारीख, नर की मादी, आणि कोणी मारला ते. ही चिठ्ठी ध्यानात ठेवा. पक्षी मेला, त्याचा आवाज गेला, डोळ्यांचा रंग गेला. तो कुठला, हे सांगायला उरते ती चिठ्ठी.

ब्लुइट यांनी तो नमुना अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवला. हो, तेच ह्यूम, शाळेच्या पुस्तकात १८८५च्या काँग्रेसबरोबर येतात ते. त्याआधीची कित्येक वर्षं हा माणूस पक्ष्यांनी झपाटलेला होता. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक स्वतः काढलं. हिंदुस्थानभर पसरलेले डॉक्टर, इंजिनियर, कस्टम्सवाले, जंगलखात्यातले लोक त्यांना नमुने आणि पत्रं पाठवायचे. आजचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप गट आणि ह्यूम यांचं ते जाळं यांत मला फार फरक वाटत नाही. हौस तीच, चढाओढ तीच. १८७३ साली ह्यूम यांनी या पिंगळ्याचं वर्णन छापलं आणि ब्लुइट यांच्या सन्मानार्थ त्याचं नाव ठेवलं 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी'.

(ह्यूम यांचा शेवट मात्र चटका लावतो. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्यांनी पंचवीसेक वर्षं टिपणं जमवली होती. ते सिमल्याबाहेर असताना ती नोकराने बाजारात रद्दीच्या भावात विकून टाकली. त्यानंतर त्यांचं पक्ष्यांमधलं मनच उडालं. सगळा संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.)

दुसरा नमुना १८७७मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला मिळाला, आज ओडिशात असलेल्या खरियार भागात. आणि मग गोष्ट येते आमच्या खान्देशात.

जेम्स डेव्हिडसन हे मुलकी सेवेतले अधिकारी. १८८०च्या आसपास त्यांची नेमणूक खान्देशात होती. तेव्हाचा खान्देश म्हणजे आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार, सगळं मिळून एकच जिल्हा. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. मुलकी अधिकाऱ्याचं काम दौऱ्याचं. थंडी सुरू झाली की तंबू, घोडे, कारकून, शिपाई असा लवाजमा घेऊन गावोगाव हिंडायचं. महसूल तपासायचा, तंटे ऐकायचे. डेव्हिडसन हे सगळं करता करता सकाळ-संध्याकाळ पक्षी बघत होते. त्यातून त्यांनी पश्चिम खान्देशातल्या पक्ष्यांची एक यादी केली आणि ती 'स्ट्रे फेदर्स'मध्ये छापून आली. मथळ्यातच त्यांनी तिला 'कच्ची यादी' म्हटलं आहे. मला ते फार आवडतं. यादी करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वहीवर हेच लिहायला हवं.

शहादा, तळोदा या भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी, डेव्हिडसन यांना हा पिंगळा एकदा नाही, अनेकदा मिळाला. संग्रहालयांमध्ये पोहोचलेले रानपिंगळ्याचे एकोणिसाव्या शतकातले नमुने सगळे मिळून सात. ब्लुइट यांचा एक, बॉल यांचा एक आणि बाकीचे डेव्हिडसन यांचे. शेवटचा १८८४चा. पुढे डेव्हिडसन यांची बदली झाली, कारवारकडे ते फुलपाखरांत रमले. रानपिंगळ्याची नोंद मात्र थांबली.

*

विसाव्या शतकाच्या मध्यावर कोणी पुस्तक उघडलं असतं, तर त्याला रानपिंगळ्याची आणखी एक नोंद दिसली असती, आणि सगळ्यांत अलीकडची तीच. ऑक्टोबर १९१४, मांडवी, तापीकाठी, गुजरात. नमुना जमवणारा : रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन.

नाव उच्चारायला अवघड आहे, पण त्या काळच्या पक्षीविश्वात त्याचा दरारा होता. ब्रिटिश सैन्यातला कर्नल, गुप्तहेर, शिकारी, डायऱ्या लिहिणारा. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या आघाडीवर खोट्या कागदपत्रांची पिशवी मुद्दाम शत्रूच्या हाती पडेल अशी टाकून तुर्कांना फसवलं, ही त्याची सगळ्यांत गाजलेली कथा. त्या कथेतही त्याचा स्वतःचा वाटा नेमका किती, याबद्दल नंतर शंका घेतल्या गेल्या. त्याच्याकडे सुमारे २० हजार पक्ष्यांचा संग्रह होता. १९५४ साली तो त्याने ब्रिटिश म्युझियमला दिला. आपल्या सालिम अलींबरोबर तो १९३७मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेवर होता. त्याच्या डायरीत सालिम अलींबद्दल जे कुत्सित लिहिलेलं होतं, ते सालिम अलींनी पुढे स्वतःच्या आत्मचरित्रात शांतपणे छापलं. एवढं मोठं मन माझ्याकडे नाही, हे कबूल करते.

कर्नलसाहेबांवर संग्रहालयातल्या काही लोकांचा संशय फार आधीपासून होता. न विचारता नमुने बाहेर नेल्याबद्दल त्याला पक्षीविभागात यायला काही काळ बंदीही घातली होती. पण मोठ्या माणसाबद्दल उघड बोलायचं कोणी? तो १९६७ला वारला आणि त्याच्या चिठ्ठ्या पुस्तकांमध्ये तशाच राहिल्या.

आता या एका चिठ्ठीने काय केलं बघा. रानपिंगळा १८८४नंतर दिसलेला नाही, याऐवजी १९१४पर्यंत होता असं झालं. तो सातपुड्याच्या पायथ्याचा, याऐवजी तापीच्या खालच्या अंगाला गुजरातेतही आहे असं झालं. १९७०च्या दशकात सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनी त्याचा शोध घेतला. हाती काही लागलं नाही. एक छायाचित्र रानपिंगळ्याचं म्हणून छापूनही आलं, ते साध्या पिंगळ्याचं निघालं. हळूहळू पुस्तकांत त्याच्या नावापुढे 'बहुधा नामशेष' अशा अर्थाचे शब्द येऊ लागले.

*

माझ्या चिठ्ठीनेही काम केलं.

मार्च २०१७मध्ये परभणीहून एका मुलाचा फोन आला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता. कुठल्या तरी गटातून फिरत फिरत माझा संदेश त्याच्यापर्यंत गेला होता. "ताई, तुम्हाला पालला रानपिंगळा दिसला ना? कोणत्या बाजूला होता?" मी सांगितलं. अगदी वळण, मैलाचा दगड, सागाची रांग, सगळं सांगितलं. ते सगळं खरंच होतं, म्हणून सांगताना जीभ अडखळली नाही.

परीक्षा संपल्यावर तो आला. मनमाडला गाडी बदलून भुसावळला. तिथे त्याची मावशी राहते, म्हणून परवडलं. तिथून एसटी, मग काळीपिवळी, मग पायी. एप्रिल महिना. खान्देशातला एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. अंजनाची झाडंसुद्धा वाळल्यासारखी दिसतात. दोन दिवस तो त्या वळणावर थांबला. तिसऱ्या दिवशी जळगावला माझ्या घरी आला, चेहरा रापलेला, ओठ फुटलेले. मी त्याला शेवभाजी-भाकरी वाढली. जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, मलाच नीट बघता येत नाही बहुतेक. दोनदा पिंगळा दिसला, पण मला तो साधाच वाटला. डोक्यावर ठिपके होते. तुम्ही बघितला तेव्हा ठिपके नव्हते ना?"

मी म्हटलं, "नव्हते."

हे दुसऱ्यांदा. आणि या वेळी समोर पुस्तक नव्हतं, एक मुलगा जेवत होता.

*

पामेला रासमुसेन ही अमेरिकन संशोधक. १९९०च्या दशकात ती स्मिथसोनियनमध्ये रिप्लींबरोबर दक्षिण आशियाच्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकावर काम करत होती. पुस्तकाचे नकाशे काढायचे तर प्रत्येक जातीचा प्रत्येक नमुना तपासायला हवा. त्यासाठी ती इंग्लंडमधल्या ट्रिंगला गेली. ब्रिटिश म्युझियमचा पक्षीसंग्रह आता तिथे असतो. रांगेने खण, खणांत उताणे झोपवलेले पक्षी, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी.

१९९३मध्ये अ‍ॅलन नॉक्स यांनी माइनर्ट्‌झहागेनच्या काही युरोपियन पक्ष्यांच्या नमुन्यांबद्दल लेख लिहून शंकेला तोंड फोडलं होतं. रासमुसेन आणि तिचे सहकारी हिंदुस्थानातल्या त्याच्या नमुन्यांकडे वळले. एकेक नमुना काढायचा, चिठ्ठीवरची तारीख बघायची, कर्नल त्या दिवशी खरंच तिथे होता का ते तपासायचं. आणि मुख्य म्हणजे कातडं कसं सोललंय, कापूस कसा भरलाय, शिवण कशी घातलीय ते बघायचं. प्रत्येक संग्राहकाचा हात वेगळा असतो. शिंप्याची शिवण ओळखू यावी तसा. क्ष-किरण छायाचित्रांत आतलं सगळं दिसतं.

१९१४चा रानपिंगळा असा तपासल्यावर वेगळंच निघालं. तो एकदा उसवून पुन्हा भरलेला होता. मूळचा हात माइनर्ट्‌झहागेनचा नव्हता. तो हात होता जेम्स डेव्हिडसन यांचा. म्हणजे कर्नलने संग्रहालयातूनच डेव्हिडसन यांचा एक रानपिंगळा पळवला होता. जुनी चिठ्ठी काढून टाकली, आतला कापूस बदलला, नवी चिठ्ठी बांधली आणि स्वतःच्या नावावर जमा केला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही सगळी तपासणी १९९९मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

ते वाचताना मी एका गोष्टीपाशी अडकले. एवढा अट्टहास कशासाठी? पैसा नाही, पदवी नाही. त्याच्याकडे २० हजार पक्षी होते. तरी एका दुर्मीळ पिंगळ्याची जागा रिकामी होती आणि ती त्याला सहन होत नव्हती. हे मला समजतं. समजू नये असं वाटतं, पण समजतं.

*

१९१४ची चिठ्ठी खोटी ठरल्यावर शोधाचा नकाशाच बदलला. मांडवी गळालं. उरल्या त्या खऱ्या जागा : ब्लुइट यांची, बॉल यांची, डेव्हिडसन यांची. नोव्हेंबर १९९७मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघं भारतात आले. आधी ते पूर्वेकडच्या जुन्या जागांवर गेले. जिथे जंगल होतं तिथे आता शेतं, पिंगळा कुठेच नाही. दिवस संपत आले. मग ते इकडे, डेव्हिडसन यांच्या मुलुखात आले.

२५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, बेन किंग यांना एका उघड्या फांदीवर पिंगळा बसलेला दिसला. डोक्यावर ठिपके नव्हते. पोट मधोमध पांढरं. थोराड पाय. तो दिवसाउजेडी निवांत बसून राहिला. अ‍ॅबट यांनी व्हिडिओ घेतला, फोटो काढले. ११३ वर्षांनी.

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला तो पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ला. आमच्याकडचे लोक गमतीने म्हणतात, जिल्ह्याआधी पिंगळा सापडला.

मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीचा नायक डेव्हिडसन आहे. त्यांना ठाऊक नव्हतं की हा पक्षी पुढे हरवणार आहे. त्यांच्यासाठी तो शहाद्याच्या बाजूला मिळणारा एक पिंगळा होता, कच्च्या यादीतला. पण त्यांनी जागा खरी लिहिली. शंभरहून जास्त वर्षांनी परदेशातून आलेली तीन माणसं तेवढ्या आधारावर बरोबर त्या डोंगराखाली जाऊन उभी राहिली.

'पुन्हा सापडला' हा शब्दही थोडा जपून वापरायला हवा. पावरा आणि भिल्ल वस्त्यांमधली माणसं त्या जंगलात रोजच असतात. गुरं राखणाऱ्या पोराने तो पिंगळा शंभरदा पाहिला असणार. त्याच्यासाठी तो कधी हरवलाच नव्हता. फक्त आमच्या यादीत त्याचं खातं बंद पडलं होतं. आणि आपल्याकडे पिंगळ्याशी नातं तसं जुनंच. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा पिंगळा जोशी या पक्ष्याची भाषा कळते म्हणून भविष्य सांगायचा. माझ्या आजोळी, पारोळ्याकडे, आजी त्याला सुपातून ज्वारी घालायची. दुसऱ्या बाजूला, जादूटोण्यासाठी घुबडं-पिंगळे मारणारेही इथेच आहेत.

पुढचा इतिहास मात्र वेगाने घडला. दोन-तीन वर्षांतच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी तळोदा, तोरणमाळ, मध्य प्रदेशातलं खकनार आणि आपलं मेळघाट इथे तो शोधून काढला. मग यावलच्या जंगलात नोंद झाली. २०१४मध्ये तर मुंबईच्या उंबरठ्यावर, ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात तो सापडला. ज्या तानसाचं पाणी मुंबईकर रोज पितात, तिथे! २०१८मध्ये जनुकीय अभ्यासातून ठरलं की ह्यूम यांनी त्याच्यासाठी वेगळी केलेली चूल काही खरी नाही, तो साध्या पिंगळ्याच्याच 'अथेनी' कुळातला आहे. त्याच वर्षी जागतिक यादीत तो 'अतिसंकटग्रस्त'वरून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' या गटात आला. पक्षी वाढले म्हणून नव्हे, शोधणारे वाढले म्हणून.

आणि एक गोष्ट. २०१४च्याच सुमाराला गुजरातमध्ये, डांगच्या पूर्णा अभयारण्यात रानपिंगळा सापडला. म्हणजे गुजरातेत तो आहेच की. कर्नलची चिठ्ठी मग खरी म्हणायची का?

या प्रश्नावर मी बरेच दिवस घालवले, कारण माझी सुटका त्यातच होती. यावलच्या जंगलात रानपिंगळा आहे. पालपासून ते काही लांब नाही. त्या सकाळी सागाच्या फांदीवर जो बसला होता तो रानपिंगळा असूही शकतो. दिवसा, उघड्या फांदीवर, सागाच्या रानात. सवयी तर त्याच्याच. मग मी खोटं काय लिहिलं?

लिहिलं हे, की मी त्याचं डोकं पाहिलं. पोट पाहिलं. शेपटीवरचे पट्टे पाहिले. यातलं काहीही मी पाहिलं नव्हतं.

*

हे सगळं मी वाचलं ते २०२०च्या टाळेबंदीत. बँक चालू होती, पण रविवार मोकळे. मेहरूण तलावावर जायलाही बंदी, त्यामुळे गच्चीवरून जेवढे दिसतील तेवढेच पक्षी : साळुंकी, दयाळ, वेडे राघू, एक कापशी घार. रासमुसेनबद्दलचा एक लेख कोणीतरी गटावर टाकला, त्यातून दुसरा, तिसरा. क्ष-किरणांचा भाग वाचला त्या रात्री संकेतस्थळावरची माझी जुनी यादी उघडली. ८ जानेवारी २०१७. माझं ते वर्णन वाचलं. इतकं नीटनेटकं, इतकं पूर्ण, की चार सेकंदांत कोणालाही दिसणार नाही. माझी शिवण मला ओळखू आली.

दुरुस्ती करायला दोन मिनिटं लागतात. रानपिंगळा काढायचा, तिथे 'पिंगळा, जात अनिश्चित' असं टाकायचं. तपासनिसाला एक ओळ लिहिली. त्यांनी आभार मानले, कारणसुद्धा विचारलं नाही. यादी २८७वरून २८६वर आली.

परभणीच्या मुलाला सांगणं त्याहून अवघड होतं. तो तेव्हा एमएस्सी करत होता. फोन लावला, आधी कोरोनाच्या गप्पा झाल्या, घरचे कसे आहेत वगैरे. मग सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, लाइन गेली.

"म्हणजे मी बघितलेले साधेच होते," तो म्हणाला.

"हो रे. तू बरोबर ओळखलेस."

"ताई, मी त्यानंतर दोन वर्षं घुबडं-पिंगळे बघायचेच सोडले होते. म्हटलं, आपल्याला जमत नाही."

यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. माफी मागितली एवढं नक्की. त्याने फोन ठेवताना "ठीक आहे ताई" म्हटलं, पण ते ठीक नव्हतं. पुढचे दहा-अकरा महिने त्याचा एकही संदेश आला नाही.

गटावरही लिहिलं. दोघांनी हात जोडलेली चिन्हं टाकली. एकाने लिहिलं की मॅडम, असं चालतंच, प्रत्येकाच्या यादीत पाच-दहा असतात. कदाचित असतील. मोठी लेन्सवाले साहेब काहीच बोलले नाहीत.

*

फेब्रुवारी २०२४मध्ये तो स्वतःहून म्हणाला, "ताई, शहाद्याला जाऊ या का?" आता तो एका सर्वेक्षणावर काम करतो, रानपिंगळ्याचा आवाज त्याने मेळघाटात भरपूर ऐकलाय. मी सुट्टी टाकली. म्हसावदच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आम्ही दोन सकाळी काढल्या. साग पूर्ण उघडा, मोहाची पानं गळत होती. शेतांच्या कडेला दोन जंगली पिंगळे दिसले. एका विहिरीच्या कठड्यावर एक साधा पिंगळा होता, डोक्यावर ठिपकेच ठिपके. शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजोबांनी विचारलं काय शोधताय. पिंगळा म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, तो काय, रात्री माझ्या छपरावरच असतो.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला नाल्याच्या पलीकडून एक आवाज आला. छोटी, दोन तुकड्यांची हाक. मग पुन्हा. तो जागच्या जागी थांबला, माझ्याकडे वळला. चेहरा फुलला होता.

"ऐकलं?"

"ऐकलं."

"तोच आहे."

आम्ही पाऊण तास थांबलो. नाला ओलांडून वर चढलो, प्रत्येक फांदी बघितली. पुन्हा आवाज आला नाही, काही दिसलंही नाही. खाली येऊन मोहाच्या झाडाखाली बसलो, दोघांनी आपापले मोबाइल काढले आणि याद्या भरायला लागलो. त्याने रानपिंगळा, एक, असं लिहिलं, पुढे कंसात 'फक्त आवाज'. त्याला तो आवाज येतो.

मला येत नाही. मी लिहिलं, जंगली पिंगळा दोन, साधा पिंगळा एक. मग नीळकंठ, कोतवाल, सातभाई सात. पाणी प्यायलो आणि उतरायला लागलो.